केक दुसऱ्या दिवशी वाटावा

माधवनगर, ६ जानेवारी १९४८

ती. सौ. उमाताईस,
धाकट्या विनूचा नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत. ह्यांच्या गिरणीतली हिशेबनिसाची नोकरी ठीक चाललीय. थंडीने पायांना भेगा पडल्यात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

पत्र लिहायला कारण एकच, आणि ते वाचून तू हसणार आहेस. मला तुझा केक शिकायचाय. दिवाळीला साताऱ्याला आले होते तेव्हा तू खिलवलास, तो. महाबळेश्वरच्या हॉटेलात भावोजी कोठारावर होते तेव्हा तिथल्या खानसाम्याकडून तू शिकलेला. बोटाने दाबला की आत जायचा आणि पुन्हा वर यायचा, आणि खाताना पाण्याची गरज लागायची नाही. तो मला या महिन्याच्या आत आला पाहिजे.

दोनदा करून पाहिला. पहिला ह्यांनी खलबत्त्यात कुटला, दुधात घालून खाल्ला, आणि वर चांगला झालाय म्हणाले. दुसरा कुटायच्याही पलीकडे गेला. अंडी मागल्या दारच्या रंगूबाईंकडून आणते. त्यांचे यजमान गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आहेत आणि त्यांच्या कोंबड्या आमच्याच परड्यात चरतात. वाईला सासूबाईंना यातलं काही कळता कामा नये, हे तुला सांगायला नकोच.

एवढी घाई कसली म्हणून विचारू नकोस. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच, आणि माहेराला सगळं सांगते मी. हे तेवढं थोडे दिवस राहू दे.

तुझी,
विनू


सातारा, १२ जानेवारी १९४८

चि. सौ. विनूस,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. सोबत पुडीत तिळगूळ आहे. पोस्टात त्याचा भुगा झाला असेल, तर चिंतामणरावांना सवय आहेच भुगा खायची.

आता नीट वाच. माझ्या वहीतून उतरून देते. तीन अंडी, वाटीभर पिठीसाखर, पाऊण वाटी लोणी, दीड वाटी मैदा, अर्धी वाटी गोड दही, अर्धा चमचा खायचा सोडा. लोणी आणि साखर आधी फेसायची, हात भरून येईपर्यंत. मग अंडी एकेक करून. मैदा घातल्यावर मात्र जास्त घोटायचं नाही. तू पिठल्यासारखं घोटत बसली असणार, म्हणून वीट झाली. जाड पातेल्यात दोन बोटं वाळू, तिच्यावर तिवई, तिवईवर डबा. खाली मंद निखारे, झाकणावर थोडे. पाऊण तासाने विणायची सुई खुपसून बघ. सुई कोरडी ठणठणीत आली म्हणजे उशीर झाला. एखादा ओला कण लागून आला की लगेच उतरव.

केक मऊ राहण्याची खरी गोम यापुढे आहे. अर्धी वाटी साखरेचा पातळ पाक कर, त्यात एका संत्र्याचा रस पिळ, आणि केक गरम असतानाच सुईने टोचे मारून चमच्याचमच्याने वर सोड. मग स्वच्छ पंचा ओला करून घट्ट पिळायचा, केक त्यात गुंडाळायचा आणि एक रात्र विसरून जायचं. त्या दिवशी कापायचा नाही. केक दुसऱ्या दिवशी वाटावा. खानसामा म्हणायचा, केक रात्रीत शहाणा होतो. तुझ्या बाबतीत तो नियम लागू पडला नाही, पण केकच्या बाबतीत पडतो.

आणि घाई कसली ते मी ओळखलंय. कागदावर लिहीत नाही, तूही लिहू नकोस. मागच्या दोन्ही खेपांना तू तिसरा सरायच्या आत गावभर बोलून बसलीस आणि पुढे काय झालं ते मी तुझ्या उशाशी बसून पाहिलंय. या वेळी तीन पुरे होईपर्यंत ओठ शिवून घे. सासूबाईंना नाही, शेजारणींना नाही, कुणालाच नाही. केक वाटताना कुणी विचारलं, तर म्हणायचं, सहज केला. सहज म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत.

तुझी,
उमाताई


माधवनगर, शुक्रवार, ३० जानेवारी १९४८
दुपारचे साडेचार

ती. सौ. उमाताईस,
जमला. दबतोय आणि वर येतोय. घड्याळ बघून वेळ घातलीय वर, म्हणजे किती ताजी बातमी आहे ते तुला कळेल.

काल संध्याकाळी केला, रात्रभर ओल्या पंचात ठेवला, आणि आत्ता चार वाजता गल्लीत वाटून आले. अंड्याचा म्हणून आपल्यातल्या कुणाला दिला नाही. रंगूबाईंना दिला, समोरच्या आप्पासोंच्या घरी दिला, कोपऱ्यावरच्या चंद्राबाईंना दिला, आणि त्यांच्या पलीकडच्या तीन घरी. आप्पासो रात्रपाळीचे, नुकते झोपून उठले होते. तुकडा उभ्याउभ्याच खाल्ला आणि बोटं चाटून म्हणाले, वैनी, हे सायबाच्या बंगल्यातलं दिसतंय.

सगळ्यांनी विचारलं, आज काय विशेष? मी तू शिकवलंस तसं म्हणाले, काही नाही, सहज. चंद्राबाई म्हणाल्या, सहज कुणी एवढं लोणी घालतं का. मी हसून पुढे गेले. ताई, मला आतून इतका आनंद होत होता की वाटलं तोंडावर दिसत असेल. मागे ज्या दिवसांत दोन्ही वेळा गेलं ते दिवस उलटून आठवडा झाला. कुणाला सांगायचं नाही ते ठीक, पण काहीतरी गोड कुणाच्या तरी हातावर ठेवल्याशिवाय मला राहवेना. तीन पुरे व्हायला अजून दहा-बारा दिवस.

काल अंडी फोडायची मला शिसारी आली, वासच सहन होईना. मग रंगूबाईंनी फोडून दिली. मी पदर नाकाला लावून बसले होते तर त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. बोलल्या काही नाहीत.

पत्र आता पेटीत टाकून येते.

शनिवार सकाळ.
पत्र टाकायचं राहिलं. काल दिवेलागणीला गिरणीच्या मॅनेजरांच्या रेडिओवर ऐकून हे धावत आले. गांधीजींना गोळ्या घातल्या. दिल्लीत, प्रार्थनेला जाताना, पाच वाजून गेल्यावर. चूल पेटवली नाही, तशीच बसून राहिलो. गल्लीत कुणाच्याच घरी चूल पेटली नाही. रात्री कळलं की मारणारा ब्राह्मण होता. हे एकदम उठून दाराला कडी घालून आले. मला तेव्हा त्यांचा राग आला, म्हटलं आपला काय संबंध.

आत्ता चंद्राबाई आल्या होत्या. कालची ताटली परत द्यायला. ताटली आपण रिकामी देत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतो. त्यांनी रिकामी दिली. आणि दारातूनच विचारलं, काल गोड कशाचं होतं ते खरं सांगा.

मी पुन्हा सहज म्हणाले. त्या निघून गेल्या, ताई. ताटली अजून माझ्या हातात आहे.

विनू


माधवनगर, सोमवार, २ फेब्रुवारी १९४८

ती. ताईस,
तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. टपाल जातंय की नाही तेही माहीत नाही.

सांगलीच्या बाजूला काल दुपारपासून धूर दिसतो. माडीच्या खिडकीतून मोजायला गेले, पाचच्या पुढे मोजवेना. गिरणी बंद आहे. ब्राह्मणांची घरं जाळताहेत, आणि सगळीकडे एकच बोललं जातंय की गांधीजी गेले तेव्हा या लोकांनी गोड वाटलं. कुणी वाटलं, कुठे वाटलं, कुणाला माहीत नाही. पण आमच्या गल्लीत माहीत आहे. मी वाटलं. सहा घरी, स्वतःच्या हाताने, आणि कारण विचारल्यावर हसले.

हे म्हणतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं होतं म्हणून सांग. पण हळदीकुंकू मी अठरा तारखेलाच केलं, चंद्राबाई त्यालाही आल्या होत्या. शिवाय अंड्याचा केक हळदीकुंकवाला कोण देतं? खोटं बोलायलाही जागा ठेवली नाही मी. चार वाजता वाटला, तेव्हा दिल्लीत अजून काहीच झालं नव्हतं. पण दोन दिवसांनी लोकांच्या डोक्यात शुक्रवारची संध्याकाळ तेवढी राहिलीय. चार काय आणि सहा काय, सगळं एकच होऊन गेलंय.

शनिवारी पाठवलेल्या माझ्या पत्रावर वेळ घातली आहे. ते जपून ठेव. हे म्हणतात, वेळ पडली तर तेवढाच पुरावा. मी म्हटलं, रॉकेलचा डबा घेऊन आलेल्या माणसाला पत्र कोण वाचून दाखवणार?

राहता राहिलं खरं कारण. ते सांगितलं तर कदाचित लोक ऐकतील. पण मागच्या दोन्ही वेळा मी सांगितलं आणि आठ दिवसांत गेलं. ताई, मला दोन्हीकडून भीती वाटते. सांगितलं तर हे पोटातलं जाईल, नाही सांगितलं तर घर जाईल. काल दिवसभर जिना चढते-उतरते आहे आणि पोटावर हात ठेवते आहे. जेवण उतरत नाही.

आम्हाला तुझ्याकडे येऊ दे. सातारा मोठं गाव आहे, भावोजींच्या ओळखी आहेत. गुरुवारची गाडी मिळाली तर निघतो. उत्तर उलट टपाली पाठव.

विनू


सातारा, गुरुवार, ५ फेब्रुवारी १९४८

चि. विनूस आशीर्वाद.
तुझी दोन्ही पत्रं मिळाली. शिसपेनीने लिहिते आहे, शाई संपली. कागदही पोराच्या वहीचा आहे, चालवून घे.

इकडे येऊ नकोस. आम्ही सुखरूप आहोत, पण तू येऊ नकोस. आमच्याकडे सध्या जागेची अडचण आहे, आणि प्रवासात काय होईल सांगता येत नाही. कारणं विचारत बसू नकोस, मोठी बहीण सांगते म्हणून ऐक.

दुसरं सांगते ते त्याहून महत्त्वाचं. मी तुला ओठ शिवायला सांगितलं होतं. आता उसव. आजच्या आज रंगूबाईंना जाऊन सगळं सांग, केक का केला, कधी केला, किती महिने झाले, सगळं. त्यांच्या तोंडून गल्लीत जाऊ दे. दृष्ट लागली तर मीठमोहऱ्या आहेत, मी स्वतः येऊन उतरीन. घराला लागलेलं उतरवायला मीठमोहऱ्या पुरत नाहीत, विनू. हे मी उगीच लिहीत नाही.

मी एक रात्र थांबायला सांगितलं नसतं, तर तू गुरुवारीच केक वाटला असतास. चार दिवस झाले, हेच डोक्यात फिरतंय. 'सहज म्हण' लिहिलेलं माझं केकचं पत्र घरात असेल तर जाळून टाक.

उमाताई


माधवनगर, रविवार, ८ फेब्रुवारी १९४८

ती. सौ. उमाताईस,
तुझं पत्र काल मिळालं. तू सांग म्हणालीस, पण त्याला उशीर झाला. जे व्हायचं ते मंगळवारीच झालं. आम्ही जिवंत आहोत आणि घर उभं आहे, हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचताना तुला धडधड होणार नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला आले. तीस-चाळीस जण असतील. निम्मे बाहेरगावचे, ते मला माहीत नव्हते. निम्मे आपले रोजचे. पहिल्या ओळीत आप्पासो उभे होते. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण उभे होते. दोघांकडे रॉकेलचे डबे होते. एकजण मोठ्याने म्हणाला, ह्याच घरात शुक्रवारी गोड वाटलं. हे पुढे झाले आणि हात जोडून काही बोलायला लागले, तर कुणीतरी त्यांना ढकललं आणि ते उंबऱ्यावर पडले. डब्याचं बूच काढल्याचा आवाज मी ऐकला. रॉकेल दारावर पडलं, त्याचा वास आत आला, आणि मला वाटलं आता मी इथंच उलटी करणार आणि यांना वाटेल मी भिऊन करते आहे. भिऊनच करत होते, पण नुसतं भिऊन नाही.

मी कारण सांगायला तोंड उघडलं. शपथेवर सांगते ताई, उघडलं होतं. पण शब्द आला नाही. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात तेच आलं की बोलले तर हे पोटातलं जाईल.

तेवढ्यात मागच्या दाराने रंगूबाई आत आल्या, माझ्या स्वयंपाकघरातून चालत पुढच्या दारात गेल्या आणि उंबऱ्यावर ह्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. भाकरी थापता थापता उठून आल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ होतं. ओरडल्या नाहीत. आप्पासोंकडे बघून बोलल्या.

"गोड मी बी खाल्लंय आणि तू बी खाल्लंस. रेडूवाची बातमी दिवं लागल्यावर आली. तू दिवं लागायच्या आदी बोटं चाटत हुतास. न्हाई म्हण बघू."

आप्पासो खाली बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, मग कशापायी वाटलं ते सांगा की. रंगूबाई म्हणाल्या, "पोर पोटुशी हाय. दोन येळा पोट रिकामं झालंय तिचं. तीन महिनं सरलं न्हाईत म्हणून बोलली न्हाई. तुमच्या आया तरी बोलल्या हुत्या का?"

रंगूबाई दारातून हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पेटवायचंच असंल तर माझ्यासकट पेटवा, अंडी माझ्याच कोंबडीची हुती. मग एक म्हातारे गृहस्थ, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पुढे आले आणि त्या डबेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेऊन गेले. हळूहळू सगळेच मागे सरले.

रंगूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. अंडी फोडली त्या दिवशीच त्यांनी ओळखलं होतं. ओळखून चार दिवस गप्प राहिल्या, कारण त्यांनाही तेच माहीत, तीन सरेपर्यंत बोलायचं नसतं.

आता जे लिहिते ते तुलाच. ते लोक आमच्या दारातून निघाले ते पुढच्या गल्लीत गेले. तिथं एक घर जळलं. धूर मी पाहिला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटलो असाच. त्या घरात कुणी पोटुशी नव्हती, एवढाच आमच्यात आणि त्यांच्यात फरक. त्या घरची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. मी रोज त्यांची आठवण काढते आणि रोज मला माझी लाज वाटते.

तुझ्यावर रागावले आहे, तेही लिहिते. मी मरणाच्या दारात बसून तुझ्याकडे येऊ का म्हणून विचारलं आणि तू जागेची अडचण म्हणालीस. आपण दोघी एका अंथरुणात वाढलो. तुझ्या घरात मला पाय पसरायला जागा नव्हती का? पत्र आलं तेव्हा हे म्हणाले, त्यांचंही काही असेल. मी म्हटलं, साताऱ्यात काय असणार, ती लिहिते आहे सुखरूप म्हणून.

तुझं केकचं पत्र मी जाळलेलं नाही. आता काही जाळायचं म्हटलं की हात पुढे होत नाही.

विनू


सातारा, १९ फेब्रुवारी १९४८

चि. विनूस,
तुझं पत्र वाचून आधी देवापुढे साखर ठेवली. देव शालूबाईंचा आहे आणि साखरही त्यांचीच.

आता खरं लिहिते. घर एक तारखेला, रविवारीच गेलं. तू साताऱ्याला येते म्हणून लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी. म्हणून जागेची अडचण म्हणाले. ते खोटं नव्हतं. शालूबाई, आपली दूधवाली, तिच्या गोठ्यावरच्या माळ्यावर आम्ही राहतो. ती रविवारी संध्याकाळी आली आणि म्हणाली, आवं ताई, चला, म्हशीला जागा हाय ती तुमाला न्हाई व्हय? पोस्टमन भला माणूस, दोन्ही पत्रं त्याने इथे आणून दिली. ह्यांचे हात ट्रंक बाहेर ओढताना भाजले. दोन्ही पंजे बांधलेले आहेत. मी घास भरवते तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत. ट्रंक निघाली नाही ती नाहीच.

तेव्हा लिहिलं नाही, कारण तू पोटुशी आणि जवळ वडीलधारं कुणी नाही. साताऱ्याची ताईसुद्धा गेली असं वाचून तू हातपाय गाळले असतेस. आपलं एक घर तरी कुठेतरी नीट उभं आहे असं तुला वाटायला हवं होतं. रागावलीस ते बरं झालं. रागावलेलं माणूस घाबरलेल्या माणसापेक्षा दोन घास जास्त खातं.

मीही भ्याले, विनू. अजून भिते. शेजारच्या आळीत कुणी दार आपटलं की मी जिन्याकडे धावते. मी तुला नेहमी चिडवते, शहाणपण शिकवते, पण रविवारी मी चपला शोधत बसले होते. घर पेटलेलं आणि मी चपला शोधतेय.

घरात होतं ते गेलं. आईचा फोटो गेला, माझी कृतींची वही गेली. तुझी जुनी पत्रंही गेली. शुक्रवारचं मात्र राहिलं, कारण ते घर गेल्यावर आलं. जपून ठेवलंय, वरच्या साडेचारसकट. कुणाला दाखवायचं आता कारण नाही, पण मी कधीमधी काढून वाचते. त्यातला पहिला भागच वाचते, शनिवारच्या अगोदरचा.

एक काम कर. मी तुला केकची कृती लिहून दिली होती ती जाळली नाहीस हे फार बरं केलंस. सवडीने मला परत उतरवून पाठव. आठवायला बसले तर दही किती ते आठवेना, आणि वीस वर्षं करते आहे मी तो.

बाळंतपणाला तुला इकडे आणायची होती. ते आता कसं जमणार? रंगूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, तुमच्या बहिणीने सांगितलाय.

उमाताई


माधवनगर, २ सप्टेंबर १९४८

ती. सौ. उमाताईस,
तार मिळालीच असेल. मुलगी. अठरा ऑगस्टला पहाटे. आम्ही दोघी सुखरूप आहोत. हा शब्द लिहिताना आता मला तू आठवतेस, म्हणून पुन्हा लिहिते, खरोखर सुखरूप आहोत. रंगूबाई तीन दिवस घरी गेल्या नाहीत. मुलीला पहिलं त्यांनीच घेतलं आणि लगेच तिच्या गालाला काजळाचं बोट लावलं. म्हणाल्या, चाळीस माणसांदेखत बोललेय मी, काय दिष्ट ऱ्हायली असंल तर निघून जाऊ दे.

माझ्या पोटात नऊ महिने तीच भीती होती. तिसरा सरला, चौथा सरला, प्रत्येक सकाळी उठले की आधी वाटायचं आज जाणार. त्यांनी त्या दिवशी ते उघड्यावर बोलून दाखवलं आणि काही झालं नाही. उलट बोलल्यामुळेच राहिलं. हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. तुला उमगलं तर कळव.

भावोजींचे हात बरे होऊन पुन्हा लिहायला लागले हे वाचून हे किती तरी वेळ खिडकीशी उभे होते.

तू कृती फेब्रुवारीत मागितलीस आणि मी सप्टेंबरात पाठवते आहे. कारण सांगते. इतके महिने तो कागद मी उघडू शकले नाही. लोणी-साखर फेसल्याचा वाससुद्धा नको वाटायचा, त्याच्यामागून रॉकेलचा यायचा. पण बारशाच्या आदल्या दिवशी रंगूबाई ओच्यात सहा अंडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, दोन केक करायचं. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, मग मी फोडते, तुमी नाक धरून बसा. त्यांनी फोडली. मी फेसलं. रात्रभर दोन पंचांत दोन केक गुंडाळून ठेवले आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

बारशाच्या दिवशी वाटायला मी स्वतः गेले. सोयर फिटलं होतं, आणि हे दुसऱ्या कुणी केलेलं चाललं नसतं. भीती गेली असं तुला खोटं लिहीत नाही. ताटली दोन्ही हातांनी घट्ट धरून निघाले. त्याच सहा घरी गेले. चंद्राबाईंनी ताटली परत देताना तिच्यात वाटीभर साखर घातली आणि आत वळल्या, डोळे पुसत होत्या असं वाटलं, पण मी थांबले नाही.

आप्पासोंच्या दारात सर्वांत शेवटी गेले. ते ओट्यावर बसले होते. मला बघून उभे राहिले. मी म्हणाले, मुलगी झाली, तिच्या बारशाचा आहे. ते म्हणाले, "ठावं हाय, वैनी." तुकडा घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला, जणू घ्यावा की न घ्यावा ते मीच सांगायचं होतं. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी खाल्ला नाही. पंचाच्या टोकात बांधला आणि आत गेले. मला त्यांची दया आली नाही, रागही आला नाही. घरी येऊन मुलीला पाजायला घेतलं तेव्हा मात्र फार रडले.

आता कृती. तुझ्याच अक्षरावरून उतरते आहे. शेवटची ओळ तेवढी माझी आहे, ती तुझ्या नव्या वहीत तशीच लिही.

तीन अंडी. पिठीसाखर एक वाटी. लोणी पाऊण वाटी. मैदा दीड वाटी. गोड दही अर्धी वाटी. खायचा सोडा अर्धा चमचा. लोणी-साखर हात भरून येईपर्यंत फेसावे. अंडी एकेक घालावी. मैदा घातल्यावर घोटू नये. वाळूवर, मंद निखाऱ्यांवर पाऊण तास. सुईला ओला कण लागला की उतरवावा. गरम असताना संत्र्याच्या रसाचा पाक सोडावा. ओल्या पंचात एक रात्र ठेवावा. केक दुसऱ्या दिवशी वाटावा.

वाटताना दारात आधी कारण सांगावे, मग ताटली पुढे करावी.

तुझी,
विनू